भूत दिसलं, पिच्चर गेला

भयपटाच्या पोस्टरवर भूत दिसलं की पिच्चर गेला, असं बुलढाण्यात एक ठाम मत आहे. हे मत बसस्टँडाजवळच्या एका चहाच्या टपरीवर संध्याकाळी जे मंडळ भरतं, त्याचं. मंडळात एस.टी.तून निवृत्त झालेले एक कंडक्टर आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. एक गुरुजी आहेत. जन्मभर गणित शिकवलं, त्यामुळे जगातल्या कुठल्याही गोष्टीला दहापैकी गुण दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. टपरीवाला भाऊ पदसिद्ध सदस्य. आणि त्याचा पुतण्या, कॉलेजातलं पोट्टं, ज्याच्या मोबाइलवर ट्रेलर गावात सगळ्यात आधी येतो. मला मत द्यायचा अधिकार कसा मिळाला ते नक्की ठाऊक नाही. बहुधा चहाचे पैसे मी देतो म्हणून.

येणाऱ्या भयपटाचा ट्रेलर आला की पोट्टं मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा करतं आणि परीक्षण सुरू होतं. परवाच एक आला. नाव कशाला सांगू, पुढच्या महिन्यात दुसऱ्या नावानं हाच येणार आहे. वरून दिसणारं जंगल. जंगलातून चाललेली एकच मोटार. शहरातलं कुटुंब जुन्या वाड्यात राहायला येतं. (का येतं, हे आजवर एकाही ट्रेलरनं सांगितलेलं नाही.) म्हातारा गडी बजावतो, मागच्या खोलीत जाऊ नका. पुढच्याच क्षणी सगळे मागच्या खोलीत. लहान मुलगी भिंतीवर घरातल्या चौघांचं चित्र काढते आणि शेजारी पाचवं कुणीतरी. मग एकदम सगळे आवाज बंद. त्या भयाण शांततेत आमच्या बसस्टँडाचा भोंगा म्हणाला, चिखलीमार्गे मेहकरला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागली आहे.

"आता येते पाह्य," म्हणत काकांनी आपला ग्लास उचलून हातात धरला. धाडकन आवाज झाला, मोबाइल घसरला, चहा सांडला. सांडला तो माझा.

"दहापैकी तीन," गुरुजी म्हणाले.

"तीन कायचे?"

"दोन अंधाराचे, एक म्हाताऱ्याचा. तो बिचारा प्रत्येक ट्रेलरमध्ये खरं बोलतो आणि कुणी ऐकत नाही."

पोट्ट्याचं म्हणणं, ट्रेलर असा पाहायचाच नसतो. रात्री, दिवे घालवून, कानात हेडफोन घालून पाहायचा. यावर काकांचं उत्तर तयार होतं. "लेका, भेव वाटायले बी सामान लागत असन, तर त्या भुतात दम काय हाये?"

काकांची आणि माझी पिढी पोस्टरवर शिकली. गुरुवारी रात्री थेटरातला माणूस सायकलला शिडी बांधून, मैद्याच्या खळीची बादली हँडलला अडकवून निघायचा, आणि शुक्रवारी सकाळी शाळेत जाताना भिंतीवर जग बदललेलं असायचं. थेटराबाहेर काचेच्या पेटीत फोटो लावलेले असत, वर पट्टी, आगामी आकर्षण. त्या पेटीसमोर आम्ही जेवढे उभे राहिलो, तेवढे वर्गाबाहेरही राहिलो नसू. घाटाखाली, मलकापूर-खामगावकडे, मे महिन्यात पोस्टरचं परीक्षण वेगळंच व्हायचं. तिथं लोक नायक, नायिका, भूत यांतलं काहीच बघत नसत; खालच्या कोपऱ्यात थेटरात कूलर आहे की नाही एवढंच वाचायचे. पंचेचाळीस अंशांत माणूस कुठल्याही हडळीजवळ तीन तास आनंदानं बसतो.

पण खरं वैभव रामसे बंधूंच्या पोस्टरांचं. एकाच कागदावर वाडा, वीज, पौर्णिमेचा चंद्र, वटवाघळं, थडग्यातून वर आलेला हात, न्हाणारी नायिका, कंदील घेतलेला विनोदी नोकर, आणि या सगळ्यांवर पसरलेला तो चेहरा. एवढी गर्दी, की भुताला नीट उभं राहायला जागा नसायची. या घराण्याचा भुताशी संबंध जुळला तो मात्र फार शहाणपणानं. १९७० साली वडील फतेहचंद रामसे यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' आपटला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा चढवून चोरी करायला येतात, आणि तेवढ्या एका प्रसंगासाठी लोक थेटरात शिरतात, हे मुलांच्या ध्यानात आलं. म्हणजे पिच्चर पडला आणि तुकडा चालला. ट्रेलरचं सगळं शास्त्र त्यांना तिथंच सापडलं म्हणा. मग सात भावांनी काम वाटून घेतलं, कुणी दिग्दर्शन, कुणी कॅमेरा, कुणी आवाज, आणि महाबळेश्वरला बिऱ्हाड हलवून 'दो गज जमीन के नीचे' काढला. तो १९७२ साली आला.

आमच्या वाट्याला आला १९८४ चा 'पुराना मंदिर'. पोस्टरवरचा सैतान, सामरी, आम्ही पोरांनी तोंडपाठ केला होता. तिकिटाला पैसे नव्हते, आणि असते तरी वर्तुळातला इंग्रजी 'ए' आडवा आला असता. त्यामुळे पोस्टरवरूनच आम्ही गोष्ट रचली. आमच्या गोष्टीत सामरी राजूर घाटात राहायचा, वळणावर, जिथं गाडीला पहिला गियर लागतो तिथं. एस.टी. हळू झाली की तो मागच्या शिडीवरून टपावर चढायचा आणि मोताळा येईपर्यंत नुसता बसून राहायचा. काहीच करायचा नाही. बस घाटातून जाताना आम्ही सगळे टपाकडे कान लावून बसायचो. पुढं मोठेपणी पिच्चर पाहिला. त्यातला सामरी सारखा काहीतरी करत असतो. त्या मानानं आमचा बराच भारी होता. तो रंगवणारे अनिरुद्ध अग्रवाल रुरकीहून सिव्हिल इंजिनीयर झालेले, हे अलीकडे कळल्यावर गुरुजींनी सामरीला जुन्या तारखेनं दोन गुण वाढवून दिले.

त्या काळी गावागावांत आणखी एक गंमत चाले. पोस्टर लागलं की थेटरवाल्याचाच माणूस लोकलाजेस्तव नायिकेच्या चित्रावर डांबराचा फटकारा मारून जायचा. भुताला कधी कुणी डांबर फासलं नाही. खरं म्हणजे उलट करायला हवं होतं. नायिका राहू द्यायची आणि तो केसाळ चेहरा झाकायचा. अर्धा जिल्हा तिकीट काढून आत गेला असता, डांबराखाली काय आहे ते बघायला.

अंदाज बांधणं या बाबतीत आमचा जिल्हा तसा मुरलेला आहे. जळगाव जामोद तालुक्यात, पूर्णेकाठी, भेंडवळ नावाचं गाव आहे. तिथं अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या वावरात घट मांडतात. तीनशेहून अधिक वर्षांची परंपरा सांगतात, आणि वाघ घराण्याकडे तिचा मान आहे. जमिनीवर गोल आखून त्यात अठरा धान्यं ठेवायची. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं, पावसाळ्याच्या चार महिन्यांची. त्यावर पाण्यानं भरलेली घागर, घागरीवर पुरी, पापड, भजी, करंजी, सांडोई, कुरडई. पुरी म्हणजे पृथ्वी. पानसुपारी म्हणजे राजा. एवढं मांडून सगळे घरी जातात. रात्री तिथं कुणी थांबायचं नाही. पहाटे येऊन बघायचं, कुठलं धान्य हललं, कुठलं ढेकूळ भिजलं, पान जागेवर आहे की सरकलं, आणि त्यावरून वर्षाचं पीकपाणी, पाऊस, राजाची गादी असं सगळं सांगायचं. ऐकायला हजारो शेतकरी जमतात, टीव्हीवाले जमतात, आणि हे शास्त्र नव्हे असं सांगणारे विज्ञानवादीही त्याच दिवशी पेपरात जमतात.

अंदाज खरा ठरतो की नाही या वादात मी पडत नाही. ज्याची पेरणी त्याला कळतं. मला त्यातली ती रात्र आवडते. अठरा धान्यं, चार ढेकळं, एक घागर, आणि बघायला कुणीच नाही. उंदीर आला, मुंग्या आल्या, वारा सुटला, की आणखी कुणी येऊन गेलं, ठाऊक नाही. पहाटे फक्त सरकलेला दाणा दिसतो. समजा उद्या कुणी तिथं कॅमेरा लावून रात्रभर चित्रण केलं, आणि सकाळी पडद्यावर उंदीर भजं खाताना दाखवला, तर भेंडवळला कोण येईल? हल्लीचे ट्रेलर हा कॅमेरा लावतात. दाणा सरकलेला दाखवायचा सोडून उंदीर दाखवतात, तोही वाजवून वाजवून, अडीच मिनिटांत पाच वेळा.

परदेशातल्या मुरलेल्या मंडळींना हे बरोबर कळलं होतं. १९६० च्या 'सायको'च्या ट्रेलरमध्ये हिचकॉक स्वतःच येतो. सहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ तो त्या मोटेलात आणि मागच्या घरात, भाड्याचं घर दाखवणाऱ्या दलालाच्या थाटात, आपल्याला फिरवतो. इथं एक वाईट प्रकार घडला म्हणतो, आणि वाक्य अर्धंच सोडून पुढं जातो. कपाट उघडतो, बंद करतो. शेवटी न्हाणीघरात पडदा बाजूला सारतो आणि एक बाई किंचाळते. ती बाईसुद्धा भलतीच. पिच्चरमध्ये न्हाणीघरात जॅनेट ली आहे, ट्रेलरमध्ये व्हेरा माइल्स. म्हातारा शेवटपर्यंत हातचं राखून होता. २०२४ मध्ये 'लाँगलेग्ज' नावाचा पिच्चर आला, त्यात निकोलस केज होता, आणि जाहिरातीत त्याचा चेहराच लपवला. एवढ्या मोठ्या नटाला पैसे द्यायचे आणि तोंड दाखवायचं नाही! पोट्ट्यानं हे सांगितलं तेव्हा भाऊंनी उकळी फुटलेला चहा तसाच सोडून विचारलं, "त्याले पैसे पुरे देल्ले काय?"

आपल्याकडे राम गोपाल वर्मानं २००८ साली 'फूंक'च्या वेळी वेगळीच युक्ती काढली. जो कुणी थेटरात एकटा बसून हा पिच्चर पूर्ण पाहील त्याला पाच लाख रुपये. मुंबईत त्याची चर्चा झाली. आमच्याकडे कुणाला विशेष वाटलं नाही. सोमवारी दुपारच्या खेळाला आमच्या थेटरात माणूस एकटाच असतो, पिच्चर कौटुंबिक असला तरी.

मराठी भयपट आला की मंडळाची पहिली परीक्षा पिकाची. विशाल फुरियांचा 'लपाछपी' २०१७ मध्ये आला, पूजा सावंत उसाच्या वावरात जिवाच्या आकांतानं पळते. ट्रेलर चांगला होता, गुरुजींनी सहा दिले. पुढं त्याचाच हिंदीत 'छोरी' झाला, तेव्हाही ऊस होताच. काकांचा आक्षेप एवढाच, की हे भूत बागायतदारांचं आहे.

"आपल्या इकडं सोयाबीन. गुडघ्याएवढं. त्यात भूत लपन कुठं? वाकून बसलं तरी डोकं दिसन."

"पऱ्हाटीत बसेल," मी म्हणालो.

"येचणीवाल्या बाया हाकलून लावतीन. तुरीत लपन एकवेळ. पण तूर बी जानेवारीत निघते. मंग त्यानं काय करा? खळ्यावर बसा?"

कोरडवाहू भागात भुतालाही हंगाम पाळावा लागतो, हा मुद्दा मुंबईच्या लेखकांच्या लक्षात आलेला नाही.

जागेच्या बाबतीत मात्र आम्ही श्रीमंत आहोत, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं की कुणी फिरकत नाही. लोणारला सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा आहे, आकाशातून दगड पडून झालेला. तळाशी खारं पाणी, काठानं जुनी पडकी देवळं, दाट झाडी. कथा सांगते की लवणासुर इथं जमिनीखाली लपून राहायचा आणि विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं त्याच्या बिळाचं झाकण उडवलं. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ त्याच विष्णूचं. झाकण, अंगठा, खाली दडलेला दैत्य. एवढी सामग्री रामसेंना मिळाली असती तर सात भावांनी सात भाग काढले असते. २०२० च्या जूनमध्ये तर सरोवरानं आपलं पोस्टर आपणच छापलं. टाळेबंदीत लोक घरात कोंडलेले, आणि एका सकाळी पाणी गुलाबी. त्या दिवसांत जिल्ह्यातल्या प्रत्येक मोबाइलवर तो फोटो होता आणि प्रत्येकाचा अंदाज वेगळा. कुणी म्हणे लवणासुराचं रक्त वर आलं, कुणी म्हणे कोरोनाचं लक्षण, काका म्हणाले कुणीतरी गुलाल टाकला असेल. नमुने प्रयोगशाळांत गेले, पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासले. पाणी आटून खारटपणा वाढला, मिठात वाढणारे सूक्ष्मजीव माजले, त्यांचा तो रंग. उत्तर आलं आणि फोटो पुढं पाठवणं थांबलं. सरोवराला त्याच वर्षी रामसर पाणथळीचा दर्जाही मिळाला, पण ती बातमी टपरीवर कुणी वाचून दाखवली नाही.

त्याच्या आदल्या वर्षी एक वाघ आला होता. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला तरुण नर, गळ्यात रेडिओ कॉलर, दोन राज्यांतून तेराशेहून अधिक किलोमीटर चालत २०१९ च्या अखेरीस आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पेपरात छापून यायचा तो नकाशा, त्यावरची ठिपक्यांची रेघ. तेवढंच. वाघ आमच्यापैकी कुणाला दिसला नाही. ती रेघ बोथ्याच्या जंगलाशी येऊन थांबली, आणि खामगावला रात्री उशिरा मोटरसायकलवर जाणारी मंडळी अचानक घरी जेवायला वेळेवर यायला लागली. गुरुजींनी या नकाशाला दहापैकी दहा दिले होते. एवढे गुण त्यांनी विद्यार्थ्यांनासुद्धा दिल्याचं कुणाला आठवत नाही.

काका एरवी सगळ्या भुतांना हसतात, पण एका विषयावर हसत नाहीत. नोकरीत असताना होळीच्या दिवसांत त्यांची ड्युटी सैलानीच्या जादा गाड्यांवर लागायची. पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीला तिथं नारळांची होळी पेटते, आणि झपाटलेली म्हणून ठरवलेली, म्हणजे बहुतेक वेळा नुसती आजारी असलेली, माणसं घेऊन घरचे लोक लांबलांबून येतात. एका रात्री गाडीत एक बाई होती. जवान पोराचं मनगट तिनं पदराला बांधलेलं. पोरगा खिडकीतून बाहेर बघत हसत होता. काका तिकीट द्यायला गेले तर ती पदर सोडून पैसे काढेना. गाठ सोडली तर पोरगा उठेल म्हणून. "भुताले नाई भेत होती ती," काका सांगतात. "मी गेल्यावर याचं कसं होईन, त्याले भेत होती." ते हे सांगतात तेव्हा पोट्टंसुद्धा मोबाइल खाली ठेवतं. मग भाऊ कुणाला न विचारता आणखी एक कट चहा फिरवतात.

कदाचित त्यामुळेच असेल, 'तुंबाड'च्या ट्रेलरला या मंडळात सर्वांत जास्त मान. त्यातलं भय जमिनीखालून येतंच, पण आधी ते घरातल्या म्हातारीला झोपवताना येतं. दोन पोरं, एक आई, बाहेर न थांबणारा पाऊस, आणि हस्तरचं नाव घेतलं की म्हातारी गप्प. शिवाय गुरुजींचा त्यात जुना जीव गुंतलेला. त्यांनी नारायण धारपांची भयकथांची पुस्तकं वाचनालयातून आणून, गणिताच्या वहीत घालून वाचली. धारपांच्या पुस्तकांची मुखपृष्ठं म्हणजे तेव्हाची आमची पोस्टरंच होती. दिग्दर्शक राही अनिल बर्वे शाळकरी वयात नागझिऱ्याच्या जंगलात गेले असताना एका मित्रानं त्यांना धारपांची एक गोष्ट सांगितली, आणि 'तुंबाड'चं बी तिथं पडलं. नाव घेतलं श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून. नागझिरा विदर्भात आहे, हे लक्षात आल्यापासून गुरुजींनी तो पिच्चर विदर्भाच्या खात्यावर जमा करून टाकलाय. वाडा सासवडचा, गाव कोकणातलं, पण रात्र आमची, असा त्यांचा हिशेब.

२०१८ च्या ऑक्टोबरात तो आला तेव्हा थेटरात जेमतेम टिकला. २०२४ च्या सप्टेंबरात पुन्हा लावला, तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला झाला. ट्रेलर तेव्हाही तसाच होता आणि गोष्ट लोकांना ठाऊक होती. मंडळाच्या सिद्धांताला यामुळे जरा धक्का बसला, कारण सगळं माहीत असूनही माणसं घाबरायला गेली. गुरुजींनी दोन दिवस विचार करून खुलासा केला: भेंडवळलाही दर वर्षी तीच अठरा धान्यं असतात.

पुन्हा लागला तेव्हाच दुसऱ्या भागाची घोषणा झाली. तेव्हापासून मंडळात एकच विषय, पोस्टर कसं असावं. पोट्ट्याला हस्तर मोठा हवा, डोळे लाल. भाऊंना नाणी हवीत, कारण सोनं महागलंय आणि खामगावच्या चांदीबाजाराकडे बघून लोक आपोआप थांबतील. गुरुजी म्हणाले, काहीच नको. भिंतभर काळा कागद, खाली बारीक अक्षरात लवकरच. बस.

"काळ्या कागदावर लोकं पान खाऊन थुकतीन," भाऊ म्हणाले.

"थुंकू दे. लाल रंग आपोआप येईल."

काकांनी मध्यस्थी केली. पोस्टर कसंही येवो, पहिल्या दिवशी सगळ्यांनी खामगावला जाऊन पाहायचा. तिकिटं ते काढणार. कंडक्टरचा हात आहे, सुट्ट्याचा घोळ होणार नाही.

"पण सहाचा खेळ," ते म्हणाले. "नऊचा नाई जमत. तो सुटता सुटता बारा वाजते, अन् मंग बोथ्याच्या रस्त्यानं याचं म्हणजे..."

"भुताचं भेव वाटते काय काका?" पोट्ट्यानं विचारलं.

"भूत काय करते बापा," काका म्हणाले. "तिथं अस्वल हाये."